उष्टी चारोळी

मी चारोळी खात नाही. दसऱ्याचं श्रीखंड असो की कोणाच्या बारशाची बासुंदी, वर पेरलेले ते बारीक दाणे मी चमच्याने एकेक करून बाजूला काढतो आणि ताटाच्या कडेला लावून ठेवतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याच्या दातांची तक्रार असेल. बायकोही पाहुण्यांना तसंच सांगते आणि मी मान डोलावतो, कारण खरं सांगायला बसलो तर अर्धा तास जाईल आणि समोरच्याचं जेवण वाया जाईल. दात माझे ठणठणीत आहेत. हे प्रकरण दुसऱ्या कोणाच्या दातांचं आहे, आणि ते आजवर मी बायकोलासुद्धा पूर्ण सांगितलेलं नाही.

राज्य नवीन झालं तेव्हा मी रायपूरच्या एका विद्यापीठात शेतमालावरची प्रक्रिया शिकवत होतो. आमचं घर बुढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं वडील म्हणायचे. त्या दिवसांत शहराच्या अंगात राजधानी शिरली होती. काल ज्या इमारतीच्या पायऱ्यांवर बकऱ्या बसायच्या, तिच्यावर आज संचालनालयाची पाटी. विद्यापीठात तर परिपत्रकांवर परिपत्रकं येत होती. संशोधन कपाटात पडून राहता कामा नये, ते बाजारात गेलं पाहिजे, त्याचा उद्योग झाला पाहिजे, त्याचं पेटंट घेतलं पाहिजे. आमच्या विभागप्रमुखांनी ती परिपत्रकं लॅमिनेट करून भिंतीला लावली. बाकीचे प्राध्यापक हसले. मी हसलो नाही, कारण मला ते मनापासून पटलं होतं. इतकी वर्षं शिकवून मी एकाही माणसाच्या हातात उपयोगाचं असं काही दिलेलं नव्हतं आणि ते मला सलत होतं.

मी चारोळी निवडली. चाराची, म्हणजे चारोळीची, झाडं आमच्याकडच्या जंगलात भरपूर. उन्हाळ्यात बायका फळं गोळा करतात, गर धुऊन बिया वाळवतात आणि बाजाराच्या दिवशी तशाच विकून मोकळ्या होतात. बीचं कवच दगडासारखं आणि आतला दाणा लोण्यासारखा. फोडायला गेलं की दोन्हींचा मिळून भुगा होतो. भाव असतो तो अख्ख्या दाण्याला, आणि अख्खा दाणा काढतो शहरातला व्यापारी. मला असं एक लहान यंत्र करायचं होतं की जे गावातल्या चार बायका मिळून आपल्याच अंगणात चालवू शकतील.

पहिलं यंत्र मी दोन लोखंडी चकत्यांचं केलं. विभागामागे धान वाळवायचा ओटा होता, त्याच्या शेजारी ते मांडलं आणि बटण दाबलं. खालच्या ट्रेमध्ये पिवळट पीठ पडायला लागलं. मी वैतागून यंत्र बंद केलं. ओट्यावर धान उलटंपालटं करणारी बाई हातातलं काम थांबवून हे पाहत होती. ती जवळ आली, ट्रेमध्ये बोटं घातली आणि हसायलाच लागली.

"साहेब, ये तो पिसान हो गे," म्हणाली. म्हणजे पीठ झालं.

तिला सगळे दीदी म्हणायचे. रोजंदारीवर होती, कागदी भाषेत 'दैनिक वेतनभोगी'. धान वाळवणं, पोती शिवणं, खोल्या झाडणं, सगळं तीच करायची. कामाला लागून कितीतरी वर्षं झाली होती. पण दर काही महिन्यांनी तिला कागदावर एका दिवसासाठी कमी करत आणि दुसऱ्या दिवशी परत घेत. अशाने नोकरी सलग दिसत नाही आणि कायम करण्याचा प्रश्नच उभा राहत नाही. त्या एका दिवशीही ती येऊन ओट्यावर धान पसरायची. मजुरी मिळत नाही हे तिला ठाऊक होतं, पण धान भिजेल म्हणून यायची.

मला तिच्या हसण्याचा रागच आला. म्हटलं, "तो तुम करके दिखाओ."

पुढच्या सोमवारी ती गावाहून येताना आपलं लहान जातं पोत्यात घालून बसमधून घेऊन आली. बिया तिने आदल्या दिवशीच भिजवून सावलीत सुकत ठेवल्या होत्या. जात्याच्या खालच्या दगडावर तिने ओल्या गोणपाटाचा तुकडा अंथरला. मग एक बी दाढेखाली धरली, हलकेच दाबली आणि थुंकून टाकली. "अभी नइ. अभी पानी हे भीतर." थोड्या वेळाने पुन्हा एक. पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी दाढेखाली अगदी बारीक 'कट' असा आवाज झाला. ती "हव", म्हणजे हो, म्हणाली आणि जातं फिरवायला बसली. कवचं दोन फाकांत उघडत होती आणि दाणे अख्खेच्या अख्खे बाहेर येत होते. मला इतका आनंद झाला की मी तिथेच ओट्यावर मांडी घालून बसलो.

मग आम्ही दोघांनी ते यंत्र केलं. 'दोघांनी' हा शब्द मी आज लिहितो आहे, तेव्हा कुठेही लिहिला नाही. लोखंडी चकत्या गेल्या, दगडी आल्या. खालच्या चकतीवर गोणपाटाऐवजी जाड कॅनव्हासचा पट्टा चिकटवला, तिच्याखाली स्प्रिंग बसवली, म्हणजे बी मोठी असली तर चकती जराशी दबते. बियांच्या प्रत्येक खेपेला दीदी आधी दात लावायची. ती "हव" म्हणाली की मी माझं आर्द्रता मोजायचं उपकरण लावायचो आणि आकडा वहीत उतरवायचो. आकडे दर वेळी वेगळे यायचे. डोंगरावरची बी वेगळी, नदीकाठची वेगळी. दाताला ते कळत होतं, उपकरणाला कळत नव्हतं. मी सगळ्यांची सरासरी काढून एकच आकडा लेखात लिहिला. हा आकडा खोटा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. पण 'बाईने चावून पाहिले' असं कोणत्या शोधनिबंधात लिहितात? गोणपाटाचं मी 'लवचीक अस्तर' केलं आणि दाताचा आकडा केला.

एके दुपारी मी पेटंटच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहीत होतो. ती टेबल पुसायला आली.

"का लिखथव साहेब?"

मी समजावलं. म्हटलं, हे यंत्र कोणी शोधलं ते सरकारला कळवायचं. मग शोधणाऱ्याला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते बनवता येत नाही.

"मोर नाव घलो लिखाही?"

"क्यों नहीं? तुम्हारा नाम सबसे पहले," मी म्हणालो. कोणी गळा धरला नव्हता, आपल्या तोंडाने म्हणालो.

तिने फडक्याची घडी घातली. मग म्हणाली, "फेर मोला कोनो नइ निकाल सकय न?" सरकारच्या कागदावर ज्याचं नाव आहे, त्याला एका दिवसासाठीही कोणी काढू शकणार नाही, असा तिचा हिशेब होता. हिशेब अगदीच चुकीचाही नव्हता. संशोधनात हातभार लावणाऱ्या रोजंदारांना कायम करण्याचा विचार होईल, असं भिंतीवरच्या त्या लॅमिनेट केलेल्या कागदांपैकी एकावर लिहिलेलं होतं. मी तिला तो कागद वाचून दाखवला. तिला कायम व्हायचं होतं, आणि त्यासाठी एका कागदावर तिचं नाव यायला हवं होतं. सगळी गोष्ट एवढीच आहे.

मसुदा विभागप्रमुखांकडे गेला. त्यांनी आधी आपलं नाव सगळ्यांच्या वर घातलं. ते मला अपेक्षितच होतं. आयत्या बिळावर नागोबा हा विद्यापीठांचा जुना रिवाज आहे. मग त्यांनी संचालकांचं नाव घातलं. मग त्यांचं पेन तिच्या नावावर येऊन थांबलं.

"ये कौन है?"

"सर, अपनी दीदी. धान सुखानेवाली."

"दैनिक वेतनभोगी का नाम आविष्कारक में? लोग हँसेंगे, भाई. कल को सारे झाडूवाले लाइन लगाएँगे."

त्यांच्या टेबलावर काचेचा एक मोठा पेपरवेट होता आणि त्याच्याखाली माझ्या बढतीची फाइल होती. तिचा निळा कोपरा मला दिसत होता. त्यांनी पट्टी ठेवून लाल पेनने तिच्या नावावर सरळ रेघ मारली. पक्की प्रत मी स्वतःच टाइप केली, टायपिस्टला दिली नाही. तेवढी लाज तेव्हा शिल्लक होती.

तिला मी काही सांगितलं नाही. पेटंट मिळाल्यावर आपण तिच्या नोकरीचं स्वतंत्रपणे बघू, असं स्वतःलाच सांगत राहिलो.

अर्ज संचालकांच्या सहीसाठी अडकून पडला. त्यांना मंत्रालयातल्या बैठकांमधून सवड नव्हती. तेवढ्यात गणपती आले. माझा मोठा मेहुणा रेल्वेत होता, वर्ध्याकडचा, आणि आमच्या मराठी लोकांच्या गणेश मंडळाचा अध्यक्ष. तो घरी येऊन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "भाऊजी, तुम्ही एवढी मशीन बनवून राहिले आन् आपल्याच लोकाइले पत्ता नाही. काहून?"

मी म्हटलं, "दादा, अर्ज अजून गेला नाही. तोवर बाहेर दाखवता येत नाही म्हणतात."

"कोणाले दाखवून राहिलो आपण? गणपतीले! त्याले काय अर्ज लागते? यंदाचा देखावा तुमच्या मशीनचा. मी कमिटीले सांगून टाकलं."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मनातून मला उकळ्या फुटत होत्या. मंडळात वकील होते, डॉक्टर होते, पुरानी बस्तीतले दोन-दोन दुकानांचे मालक होते. हे लोक मला आजवर 'ते कॉलेजातले' म्हणूनच ओळखायचे. त्यांच्यासमोर माझं यंत्र आरतीच्या वेळी गरगर फिरणार! विभागप्रमुखांना विचारलं तर ते माझ्यापेक्षा खूश. उद्घाटनाला मीच येतो म्हणाले.

देखाव्याला नाव दिलं 'काल आणि आज'. उजव्या बाजूला 'आज' म्हणून माझं यंत्र. डाव्या बाजूला थर्माकोलची झाडं, झोपडी आणि त्यापुढे दीदीचं जातं. मेहुणा म्हणाला, "पुतळा कायले पाहिजे? थ्या बाईलेच बसवू ना. जित्ता देखावा होईन." मंडळाने तिच्यासाठी हिरवं लुगडं आणलं. जे यंत्र तिच्याशिवाय झालंच नसतं, त्याच्या समोर तिला आम्ही 'काल' म्हणून बसवलं, आणि मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. हे लिहिताना माझा माझ्यावर जो राग आहे तो मी लपवत नाही.

ती आनंदाने तयार झाली. फक्त मला बाजूला घेऊन विचारलं, "ये कागज बर आय न साहेब?" म्हणजे हे त्या कागदासाठीच आहे ना.

मी म्हणालो, "हव."

पहिल्या संध्याकाळी यंत्रातून निघणारी चारोळी प्रसादाच्या शिऱ्यात जाणार होती. दीदीने नेहमीप्रमाणे एक बी दाढेखाली धरली. आणि पुढच्याच रांगेतून मंडळातल्या एक वयस्कर बाई ओरडल्या, "अवं बाई, उष्टं काहून करून राहिली? देवाच्या परसादात जाते ना थे!"

दीदीने बी हातात घेतली आणि ती कुठे ठेवावी हे तिला कळेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दात लावल्याशिवाय यंत्र चालणार नाही, असं मी सांगायला हवं होतं. ही बाई उष्टं करत नाही, हे मोजमाप आहे, यंत्रातलं अर्धं डोकं हिचं आहे, असं सांगायला हवं होतं. सांगण्यासाठी याहून चांगली जागा आणि याहून जास्त माणसं मला पुन्हा मिळाली नाहीत. मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, "दीदी, ते मागे जाऊन करा. आणि चूळ भरून या."

"हव," म्हणाली, आणि पडद्यामागे गेली.

दहाही दिवस असंच चाललं. ती पडद्यामागे जाऊन बी चावायची, फेकायची, चूळ भरायची आणि पुढे येऊन जात्यापाशी बसताना मला बोटाने खूण करायची. मी तोवर उपकरण हातात धरून कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत असायचो. खूण झाली की मान हलवायचो आणि बटण दाबायचो. लोक टाळ्या वाजवायचे. त्यांना वाटायचं, उपकरणाने सांगितलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवसापासून वनोपजाचा, म्हणजे जंगलातल्या मालाचा, एक मोठा व्यापारी रोज यायला लागला. त्याने मंडळाला घसघशीत देणगी दिली, म्हणून त्याला आरतीचा मान मिळाला. सोबत एक माणूस असायचा, हातांना ऑइलचा वास येणारा. हा लेथवरचा मिस्त्री आहे हे मला वासावरूनच कळायला हवं होतं. तो रोज गणपतीला साष्टांग नमस्कार घालायचा. इतका लांब साष्टांग नमस्कार मी आयुष्यात पाहिलेला नाही. गणपतीची मूर्ती मध्ये होती आणि त्याचं डोकं मात्र दर वेळी उजवीकडे, माझ्या यंत्राच्या खाली असायचं. मेहुणा कौतुकाने म्हणाला, "पहा, किती भक्ती आहे." व्यापारी मला गोड बोलून एकेक प्रश्न विचारायचा आणि मी एकेक उत्तर द्यायचो. एकदा तर झाकण काढून आतलं अस्तरसुद्धा दाखवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर झाकणही उघडून दिलं.

अनंत चतुर्दशीनंतर महिन्याभरात संचालकांची सही झाली आणि अर्ज गेला. विभागप्रमुखांनी त्याला उद्घाटनाच्या बातमीचं कात्रण जोडलं होतं. फोटोत ते नारळ फोडत होते, मागे यंत्र स्पष्ट दिसत होतं, आणि वरच्या कोपऱ्यात पेपराची तारीख. संशोधनाचा प्रसार झाला याचा पुरावा म्हणून त्यांनी ते हौसेने लावलं. मीही पाहिलं आणि मलाही काही खटकलं नाही.

उत्तर यायला बराच काळ गेला. त्यात एवढंच होतं की अर्जाच्या आधीच ही वस्तू जाहीरपणे लोकांसमोर चालवून दाखवलेली आहे, तुम्हीच जोडलेलं कात्रण पाहा, तेव्हा हिला नवीन म्हणता येणार नाही. विभागप्रमुखांनी पत्र माझ्या अंगावर फेकलं. "गणपती में मशीन ले जाने की क्या जरूरत थी?" चोराच्या उलट्या बोंबा. नारळ यांनी फोडला, कात्रण यांनी जोडलं, आणि दोष माझ्या गणपतीचा. मी खूप चिडलो, घरी येऊन मेहुण्यालाही नको ते बोललो. त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांकडे गेलो नाही.

पण एक गोष्ट मी त्या दिवशी कोणालाच सांगितली नाही. ते पत्र वाचताना मला सगळ्यात आधी जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

कारण दीदी विचारणारच होती. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं. कागदाचं काही झालं का, माझं नाव आलं का. मी म्हणालो, "डूब गया दीदी. पूरा कागज ही डूब गया. सबका."

यातला एक शब्दही खोटा नाही. 'सबका' म्हणताना तर माझा आवाजही भरून आला. ती मलाच समजवायला लागली, "जान देव साहेब. दुख झन मनाव." दुःख करू नका म्हणाली. मग बादली उचलून बाहेर गेली.

प्रकल्प बंद झाला. पुढच्या खेपेला तिला जेव्हा एका दिवसासाठी कमी केलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत घेतलं नाही. त्या रिकाम्या दिवशीही ती येऊन धान पसरून गेली होती. दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या यादीत तिचं नाव नव्हतं, म्हणून चौकीदाराने तिला आत सोडलं नाही. ती बराच वेळ फाटकापाशी उभी होती म्हणे. मी वर्गात शिकवत होतो. हे मला दुपारी चहाच्या वेळी कळलं. तिचं गाव मला ठाऊक होतं, बस कुठून सुटते तेही ठाऊक होतं. मी गेलो नाही. पुढच्याच वर्षी मला बढती मिळाली.

व्यापाऱ्याची यंत्रं बाजारात आली. हिरव्या रंगाची, पुढच्या पत्र्यावर गणपतीचं चित्र. तेच अस्तर, तीच स्प्रिंग. माझ्या यंत्रात एक बोल्ट तिरपा होता, कारण त्या दिवशी भोक चुकलं होतं. मिस्त्रीने तो तिरपा बोल्टसुद्धा इमानेइतबारे उतरवला होता. पण सुरुवातीला त्या यंत्रातून पीठच पडायचं, असं कानावर आलं. त्यांनी माझा लेख मिळवून त्यातला आकडाही लावून पाहिला. आणखी पीठ पडलं. मी मनातल्या मनात खूश झालो. बसा म्हटलं दळत. मिस्त्रीने साष्टांग घालून सगळं पाहिलं होतं, फक्त पडद्यामागे काय चालतं ते पाहिलं नव्हतं. आमच्या सोवळ्याने तेवढं झाकलं होतं.

मी निवृत्त झालो. एके दिवशी त्या व्यापाऱ्याचा फोन आला. तेलीबांध्याच्या पुढे, शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीच्या रस्त्यावर त्याने मोठा कारखाना उघडला होता. "भैया, शुरुआत तो आपके गणपति से ही हुई थी. आइए न, अच्छा लगेगा." जायचं नाही असं ठरवूनही मी गेलो. पीठ कसं थांबलं ते मला पाहायचं होतं.

लांबलचक शेड होती. हिरव्या यंत्रांची रांग आणि प्रत्येक यंत्रापाशी दोन-दोन बायका. ट्रेमध्ये अख्खी चारोळी पडत होती, एक दाणा फुटलेला नाही. मी व्यापाऱ्याला विचारलं, "आर्द्रता किती ठेवता?" तो हसला. म्हणाला, "वो सब छोडिए. एक बाई मिल गई. माल बेचने आई थी, मशीन देखकर हँसने लगी. रोजी पर रख लिया. ये नहीं होती तो सब कबाड था."

रोजी पर. म्हणजे इथेही रोजंदारीवरच.

शेडच्या दुसऱ्या टोकाला ती पाठमोरी उभी होती. केस पांढरे झाले होते. ती एका यंत्रापाशी थांबायची, पोत्यातली एक बी घ्यायची, दाढेखाली धरायची, थुंकायची आणि पुढच्या यंत्राकडे जायची. इथे पडदा नव्हता. एका जागी थांबून ती म्हणाली, "हव," आणि यंत्र सुरू झालं. ती वळली तेव्हा मला दिसलं, तिचे एका बाजूचे दात पार झिजून गेले होते आणि ती आता दुसऱ्या बाजूने चावत होती.

मी तिथूनच परत फिरणार होतो, पण तिने मला ओळखलं. लगबगीने आली, पदराने हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता की मला खाली बघावंसं वाटलं. तिने मागे वळून सगळ्या बायकांना हाक मारली. यंत्रं थांबली. दहा-बारा जणी गोळा झाल्या. ती माझ्याकडे बोट करून त्यांना सांगायला लागली.

"एही साहेब आय. मोर नाव लिखे रिहिस बडे कागज म. सबले पहिली मोर नाव. कागजे ह बूड गे, त साहेब का करही."

हेच ते साहेब. मोठ्या कागदावर माझं नाव लिहिलं होतं यांनी, सगळ्यात आधी माझं. कागदच बुडाला, तर साहेब तरी काय करणार.

हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. बायका ज्या नजरेने माझ्याकडे बघत होत्या त्यावरून कळत होतं की ही गोष्ट त्यांनी पुष्कळदा ऐकलेली आहे, माणूस फक्त आज दिसतो आहे. एवढ्या वर्षांत तिला कोणी काढलं असेल, कोणी बोललं असेल, तेव्हा ती हेच सांगत आली असणार. त्यातली एक तरुण बाई मला म्हणाली, "सही म लिखे रहेव साहेब?" खरंच लिहिलं होतं का?

दीदी माझ्याकडे बघत होती. लाल रेघ मला स्पष्ट दिसत होती, पट्टी ठेवून मारलेली.

"हव," मी म्हणालो.

त्या तरुण बाईने पदराने एक खुर्ची पुसली आणि माझ्यासाठी पुढे सरकवली. दीदीने ट्रेमधली मूठभर चारोळी घेतली, कागदात बांधली आणि पुडी माझ्या हातात ठेवली. मी ती घेतली आणि खुर्चीवर बसलो.